उलटीनंतर लगेच ब्रश नको

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

जेवल्यावर मुद्दाम उलटी काढतोस आणि ती झाली की लगेच खसाखसा दात घासतोस, ते घासणं तेवढं आधी थांबव. पोटातल्या आम्लाचा पीएच १ ते २ असतो (हा आकडा जितका कमी, तितकं आम्ल तीव्र) आणि दातावरचं कठीण आवरण, म्हणजे एनॅमल, ५.५ च्या आसपासच विरघळू लागतं. उलटीनंतर त्याचा वरचा थर मऊ पडलेला असतो. त्यावर ब्रश फिरवलास की तो खरवडून निघतो. थोडा वेळ दिलास तर लाळ आम्ल मारते आणि तिच्यातलं कॅल्शियम, फॉस्फेट त्या मऊ थरात काही प्रमाणात परत बसतं. एकदा झिजून गेलेलं एनॅमल मात्र पुन्हा येत नाही, कारण ते बनवणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपतात.

तेव्हा पेलाभर पाण्यात एक चहाचा चमचा खायचा सोडा ढवळून चुळा भर आणि थुंकून टाक. बेकिंग पावडर चालणार नाही, तिच्यात आम्लही असतं. सोडा हाताशी नसेल तर साधं पाणी. ब्रश निदान अर्ध्या तासाने, जमलं तर तासाने. ब्रश मऊ दातांचा घे, पेस्ट फ्लोराइडची, वाटाण्याएवढी. रात्री घासून झाल्यावर फेस थुंक, पण चूळ भरू नकोस. फ्लोराइड दातावर राहू दे. कोळशाच्या आणि दात पांढरे करणाऱ्या खरखरीत पेस्ट टाकून दे.

झीज आधी वरच्या पुढच्या दातांच्या आतल्या, टाळूकडच्या बाजूला दिसते. खालच्या दातांवर जीभ असते, म्हणून ते बरेचसे वाचतात. आतली बाजू गुळगुळीत, पिवळसर झाली, कडा पातळ होऊन आरपार दिसू लागल्या, गार पाण्याने कळ आली, तर झीज बरीच पुढे गेली असं समज. दाढेत चांदी भरलेली असेल तर ती आजूबाजूच्या दातापेक्षा उंच वाटू लागते. चांदी आहे तेवढीच असते, दात खाली जातो.

कानाखाली जबड्याच्या कोपऱ्यावर आलेला फुगवटा चरबीचा नाही, बाळा. वारंवार उलट्यांनी लाळग्रंथी सुजतात. आरशात चेहरा गोल दिसला म्हणून जेवण आणखी तोडशील, म्हणून मुद्दाम लिहिते. उलट्या थांबल्या की ही सूज बहुधा उतरते, पण वेळ घेते. ओठांचे कोपरे चिरणं, जीभ लाल होऊन चुरचुरणं हे बऱ्याचदा लोह आणि बी गटातल्या जीवनसत्त्वांच्या कमतरतेने होतं. त्यासाठी रक्त तपासायला हवं, नुसतं मलम लावून भागणार नाही.

जिमनंतरचं लिंबूपाणी, स्पोर्ट्स ड्रिंक, ते ॲपल सायडर व्हिनेगर, सगळं आंबटच. घोट घोट तासभर पीत बसणं सर्वांत वाईट. तोंड कोरडं पडलं तर पाणी पी, नाहीतर साखर नसलेलं च्युइंगगम चघळ.

दातांच्या डॉक्टरांना खरं कारण सांग. ॲसिडिटी आहे म्हणालास तर ते त्याच दिशेने शोधत बसतील. फ्लोराइड वार्निश, म्हणजे दातावर लावायचा फ्लोराइडचा लेप, आणि कळ थांबवण्यापुरतं फिलिंग लगेच होतं. कॅप्सची घाई मात्र मी करणार नाही. उलट्या चालू असताना कॅपच्या कडेशी दात झिजतच राहतो आणि खर्च पाण्यात जातो.

दात हा यातला दुय्यम भाग. मूळ आजारावर, म्हणजे खाऊन उलट्या काढण्याच्या या खाण्याच्या विकारावर, उपचार मानसोपचारतज्ज्ञांकडे आहेत, आणि हे मुलींचं दुखणं असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. लगेच वेळ मिळाली नाही तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन कर, मराठीत बोलता येतं. छातीत धडधड, चक्कर, पायात गोळे, हातपाय गळाल्यासारखे किंवा उलटीत रक्त, यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नकोस. थेट इमर्जन्सीत जा आणि उलट्या होतात हे आधी सांग, म्हणजे ते पोटॅशियम आणि ईसीजी बघतील. उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम घसरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. रात्री कितीही वाजता असो, तिथून मला फोन कर.

तुझी,
आई