आधी रॅक निथळतो का ते बघ

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या व्हेंडरांची (तुमच्या कंपनीला काम करून देणाऱ्या छोट्या कारखान्यांची) पर्यावरणाची माहिती गोळा करायचं काम तुझ्याकडे आलं, याचा आनंद झाला. सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार शेअर बाजारातल्या पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल, सक्तीचा केला, त्यामुळे आता छोट्या कारखान्यांकडेही आकडे मागितले जातात. विजेचे आकडे बिलावरून मिळतील. तू प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा मुलामा देण्याच्या कामातल्या, पाण्याकडे लक्ष दे. सातपूरकडून येणारी नंदिनी नदी टाकळीला गोदावरीतच मिळते.

शॉपमध्ये गेलीस की ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा) नंतर बघ, आधी लाइनवर उभी राहा. क्रोम बाथमधून, म्हणजे मुलाम्याच्या द्रावणाच्या टाकीतून, वर आलेला वस्तू टांगलेला रॅक दहा-पंधरा सेकंद निथळला तर द्रावण बाथमध्येच परत पडतं. घाईत पुढे नेला तर तेच क्रोमियम धुण्याच्या पाण्यात जातं, आणि मग ते काढायचा खर्च वेगळा. धुण्याची एकच वाहती टाकी असेल तर दोन करायला सांग: ताजं पाणी शेवटच्या टाकीत, तिथून ओसंडून आधीच्या टाकीत. पाणी कितीतरी कमी लागतं.

या पाण्यातलं हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) नुसत्या चुन्याने खाली बसत नाही. आधी सल्फ्युरिक ॲसिडने पीएच 2 ते 3 वर आणायचा, मग सोडियम मेटाबायसल्फाइट, एक ग्रॅम क्रोमियमला साधारण 3 ग्रॅम. पिवळं पाणी हिरवट झालं की चुन्याने पीएच 8.5 च्या आसपास न्यायचा, म्हणजे क्रोमियम गाळ होऊन खाली बसतं. ॲसिड वाचवायला पीएच 5 वरच मेटाबायसल्फाइट टाकलं तर क्रिया फार मंदावते. वरून पाणी नितळ दिसतं, विष तसंच राहतं. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात या क्रोमियमची मर्यादा लिटरला 0.1 मिलिग्रॅम आहे, ती डोळ्यांना कळायची नाही. डायफेनिलकार्बाझाइडची चाचणी समोर करून घे. जांभळट रंग आला तर हे विषारी क्रोमियम शिल्लक आहे. आणि सायनाइड बाथचं पाणी या आम्लाच्या टाकीत कधीही जाता कामा नये, त्यातून जीवघेणा वायू निघतो. दोन्ही पाइपलाइन स्वतः चालत जाऊन तपास.

स्लज, म्हणजे हा खाली बसलेला गाळ, सहसा 90 दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. त्याचे मॅनिफेस्ट (गाळ बाहेर पाठवल्याची नोंदपत्रं) आणि मेटाबायसल्फाइटची बिलं शेजारी ठेवून वाच. काम दुप्पट झालं आणि दोन्ही आकडे जागचे हलले नाहीत, तर खुलासा माग.

तुझ्या खरेदी विभागाशीही बोल. जॉबच्या दरात ईटीपीचा खर्च धरलेला नसेल, तर व्हेंडर तो कुठून करणार?

तुझे,
बाबा