अर्ध्या गुणाचा हिशोब

विश्रामबाग, सांगली

चि. सानिका हिस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू विचारलंस, कोनेरू हम्पीने बुद्धिबळातली पुण्याची महिला ग्रां प्री जिंकली, मोनॅकोतही ती पहिल्या जागेच्या बरोबरीत होती, मग त्या मालिकेतून ती कँडिडेट्सला, म्हणजे जगज्जेतीची आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेला, का गेली नाही? हे नीट समजायचं तर आकडे समोर हवेत, म्हणून लिहून पाठवते. वही जवळ घेऊन वाच.

२०२४-२५ च्या महिला ग्रां प्री मालिकेत २० खेळाडू आणि सहा स्पर्धा होत्या: तिबिलिसी, शिमकेंत, मोनॅको, निकोसिया, पुणे आणि ऑस्ट्रियातलं ग्रोसलोब्मिंग. प्रत्येकीने त्यांतल्या तीनच खेळायच्या. प्रत्येक स्पर्धा दहा जणींची, साखळी पद्धतीची, नऊ फेऱ्यांची. आता महत्त्वाचं ऐक. मालिकेत पटावरचे गुण (जिंकल्यास एक, बरोबरीला अर्धा) मोजतच नाहीत, मोजतात ती जागा. पहिलीला १३०, मग १०५, ८५, ७०, ६०, ५०, ४०, ३०, २० आणि दहावीला १०. बरोबरी झाली की त्या जागांचे गुण एकत्र करून सारखे वाटायचे. तिन्ही स्पर्धांची बेरीज करून पहिल्या दोघी कँडिडेट्सला.

मोनॅकोत गोर्याचकिना, मुंगुनतूल आणि हम्पी तिघींचे साडेपाच गुण झाले. १३०, १०५ आणि ८५ मिळून ३२०, भागिले तीन, म्हणजे प्रत्येकीला १०६.६७. पुण्यात एप्रिल २०२५ मध्ये हम्पी आणि चीनची झू जिनेर दोघींचे सात गुण. टायब्रेकवर, म्हणजे बरोबरी फोडण्याच्या निकषावर, करंडक हम्पीचा, पण मालिकेचे गुण दोघींना ११७.५ च. टायब्रेक करंडकापुरता असतो, मालिकेच्या वाटणीत त्याला जागा नाही. म्हणजे दोनदा पहिल्या जागेवर पोचूनही पूर्ण १३० एकदाही हाती आले नाहीत. तिसऱ्या स्पर्धेत वरची जागा नाही, आणि तीनांतली एकही स्पर्धा वगळायची सोय नाही. शेवटी झू जिनेर आणि गोर्याचकिना पुढे गेल्या. हम्पीला कँडिडेट्सची जागा मिळाली ती त्याच वर्षीच्या बाटुमीच्या विश्वचषकातून, दिव्या देशमुख आणि टॅन झोंगयी यांच्याबरोबर.

पुण्यातले सात गुण आणि मोनॅकोतले साडेपाच, दोन्ही पहिल्याच जागेचे. म्हणून "नऊपैकी सहा करायचे" असं ठरवून साखळीत उतरण्यात अर्थ नाही. किती गुण पुरतील ते बाकीच्या नऊ जणी ठरवतात. आणि तक्ता पुन्हा बघ: पहिल्या-दुसऱ्या जागेत २५ चं अंतर, मग २०, मग १५, त्याखाली सगळीकडे १०. अर्धा गुण वरच्या टोकाला सगळ्यात महाग.

शेवटच्या फेरीआधी हा हिशोब कागदावर मांडायला शीक. समज, तुझे साडेपाच, 'अ' चे साडेपाच, 'ब' चे पाच, बाकी सगळ्या चार किंवा खाली. तू काळ्या मोहऱ्यांनी खेळतेस. 'अ' आणि 'ब' दोघींचे डाव बरोबरीत सुटले, तर तू जिंकल्यावर १३०, बरोबरी केल्यावर ११७.५, हरल्यावर 'ब' सोबत दुसरी-तिसरी, म्हणजे ९५. जिंकून साडेबारा वाढतात, हरून साडेबावीस जातात. अशा वेळी काळ्याने ओढून ताणून खेळणं महागात पडतं. पण 'अ' जिंकली आणि 'ब' ची बरोबरी झाली, तर जिंकल्यावर ११७.५, बरोबरीला १०५, हरल्यावर ९५. आता मिळणारे साडेबारा आणि जाणारे फक्त दहा. तीच तू, तोच डाव, पण शेजारच्या पटावर काय चाललंय त्यावर धोका पत्करायचा की नाही ते बदललं. म्हणून शेवटच्या फेरीत पंचविसाव्या खेळीच्या सुमारास, तुझं घड्याळ चालू नसताना, एकदा उठून ते दोन पट बघून ये. एकदाच. दर दोन खेळींनी उठणाऱ्या मुली मी पंच म्हणून बघते, त्यांचा स्वतःच्या डावातला धागा तुटतो आणि परत बसल्यावर पहिली चूक तिथेच होते.

आता घड्याळ. ग्रां प्रीत ४० खेळ्यांना ९० मिनिटं, नंतर ३० मिनिटं, आणि पहिल्या खेळीपासून दर खेळीला ३० सेकंद वाढीव. चाळीस खेळ्यांचे वाढीव सेकंद म्हणजे वीस मिनिटं, एकूण ११०. एका खेळीला पावणेतीन मिनिटं. सरळ गतीने गेलीस तर विसाव्या खेळीनंतर घड्याळात ४५ मिनिटं दिसायला हवीत आणि तिसाव्या खेळीनंतर साधारण साडेबावीस. हे दोन आकडे पाठ कर. पहिल्या बारा खेळ्या घरून तयार असतील, तर विसाव्याला ५५ च्या वर असायला हवं. नसेल तर तयारी कुठेतरी कच्ची आहे, ते त्या रात्री शोध. आणि घड्याळावरच्या खेळ्यांच्या आकड्यावर विसंबू नकोस. घड्याळ चुकून जास्त वेळा दाबलं गेलं की आकडा पुढे जातो. चाळीस पूर्ण झाल्या का ते स्कोअरशीटवर, खेळ्या लिहिण्याच्या कागदावर, मोज, आणि खात्रीसाठी एक्केचाळिसावीही वेळेत खेळ.

स्कोअरशीटचं आणखी एक. ३० सेकंद वाढीव असताना पाच मिनिटांखाली गेलीस तरी लिहिणं थांबवायची मुभा नाही. पुण्याच्या वीकएंड स्पर्धांतून ही सवय मोडते, कारण तिथे जलद डावांत कुणी लिहीत नाही. खेळी आधी खेळायची, मग लिहायची. आधी लिहायची ती फक्त बरोबरीचा दावा करताना, आणि हा दावाच सगळ्यात जास्त चुकतो. तीच स्थिती तिसऱ्यांदा तुझ्या खेळीने येणार असेल, तर ती खेळी लिही, पटावर खेळू नकोस, घड्याळ थांबव आणि पंचांना बोलाव. खेळून टाकलीस की त्या वेळचा हक्क गेला. प्रतिस्पर्ध्याच्या खेळीने स्थिती आली असेल, तर तुझ्या पाळीला कुठल्याही मोहऱ्याला हात लावण्याआधी सांग. तिन्ही वेळा लागोपाठ यायला हवं असं नाही. पण पाळी तीच, किल्लेकोटाचे (कॅसलिंग) आणि येता-जाता मारण्याचे (एन पासाँ) हक्क तेच हवेत. दावा चुकीचा ठरला तर प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं वाढवून मिळतात आणि डाव पुढे चालतो. बेकायदा खेळीलाही पहिल्यांदा तीच दोन मिनिटं, दुसऱ्यांदा डाव गेला. दोन हातांनी किल्लेकोट करणं आणि खेळी न करता घड्याळ दाबणं ही दोन्ही बेकायदा खेळीच धरतात. तुला घाईत दोन हात वापरायची खोड आहे.

साखळीची तयारी स्विसपेक्षा, म्हणजे दर फेरीला सारख्या गुणांच्या जोड्या लावणाऱ्या पद्धतीपेक्षा, वेगळी. स्विसमध्ये जोडी आदल्या रात्री कळते, इथे नऊही नावं आणि रंग आधीपासून समोर असतात. प्रत्येकीसाठी एकच पान ठेव: तिचे अलीकडचे तीसेक डाव, पांढऱ्याने पहिली खेळी कोणती, काळ्याने राजाच्या आणि वजिराच्या प्याद्याला काय उत्तर, कुठल्या प्रकारच्या स्थितीत ती वेळ घालवते, कुठली मोहरी लवकर बदलून टाकते. पान भरलं की थांब. संगणक-इंजिनच्या पंचवीस खेळ्या घोकून बसणाऱ्या मुलींचं काय होतं ठाऊक आहे? समोरची नवव्या खेळीला वेगळी जाते, आणि मग हिला कळत नाही की ती सगळी खटपट कशासाठी होती. त्यापेक्षा प्याद्यांच्या तीन-चार रचना खोल शीक. वजीर गँबिट या सुरुवातीच्या एक्स्चेंज प्रकारात पांढऱ्याची वजिराकडची दोन प्यादी काळ्याच्या तिघांवर का चालून जातात, काळा त्या वेळी राजाकडे काय करतो, घोडा कुठल्या घरावर बसवायचा, हे एकदा हाताला बसलं की नवव्या खेळीला कुणी वळली तरी तू हरवत नाहीस.

आणि एन्डगेम, म्हणजे डावाचा शेवटचा टप्पा. नऊ दिवस रोज चार-पाच तास बसल्यावर सातव्या-आठव्या फेरीत थकवा दिसतो तो इथेच. हत्ती-प्यादं विरुद्ध हत्ती पक्कं कर. बचाव करताना तुझा राजा प्याद्याच्या पुढे असेल, तर हत्ती स्वतःच्या बाजूने तिसऱ्या पट्टीवर धरून ठेव, म्हणजे त्यांचा राजा पुढे येऊ शकत नाही. त्यांनी प्यादं त्या पट्टीवर ढकललं की लगेच हत्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन मागून शह दे. आता प्याद्याच्या पुढे त्यांच्या राजाला लपायला जागा उरलेली नसते. चूक नेहमी एकच होते: प्यादं हलायच्या आधीच हत्ती मागे नेला जातो, आणि त्यांचा राजा त्याच पट्टीवर, त्यांच्या बाजूने सहाव्या, शिरतो. याच्या उलट बाजूचा, म्हणजे हत्तीचा पूल बांधून प्यादं नेण्याचा प्रकार, डोळे मिटून जमायला हवा.

आता तुझ्या रेटिंगचं. वय अठरा होईल त्या वर्षाच्या अखेरपर्यंत, रेटिंग २३०० च्या खाली असेतो, तुझा के, म्हणजे रेटिंग किती वेगाने बदलतं तो गुणक, ४० आहे, पुढे २०. तू १९६० वर आहेस. २१०० च्या खेळाडूविरुद्ध तुझ्याकडून अपेक्षित गुण ०.३१. जिंकलीस तर २७.६ मिळतात, बरोबरीला ७.६, हरल्यावर १२.४ जातात. १७६० च्या मुलीशी बरोबरी केलीस तर मात्र १०.४ जातात. म्हणून हे वर्ष जवळच्या छोट्या बक्षिसांच्या स्पर्धांत घालवू नकोस. तुझ्यापेक्षा शे-दीडशे वरच्या खेळाडू भरपूर असतील अशा ओपनमध्ये जा, हरलीस तरी. डब्ल्यूआयएम (महिला इंटरनॅशनल मास्टर) किताबाच्या नॉर्मला, म्हणजे त्यासाठी एका स्पर्धेत गाठायच्या निकषाला, २२५० ची कामगिरी लागते, डब्ल्यूजीएमला (महिला ग्रँडमास्टर) २४०० ची. असे सहसा तीन नॉर्म, मिळून किमान २७ डाव, आणि रेटिंग अनुक्रमे २२०० व २३००.

ग्रां प्रीचा दरवाजा यानंतरच दिसू लागतो, हे मी लपवणार नाही. तिथे रेटिंग, विश्वचषक, ग्रँड स्विस आणि काही नामांकनांवर जागा मिळते. पण आठ जणींच्या कँडिडेट्सचे रस्ते अनेक आहेत: २०२६ च्या कँडिडेट्ससाठी ग्रां प्रीतून दोघी, विश्वचषकातून तिघी, ग्रँड स्विसमधून दोघी आणि फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या) महिला स्पर्धांच्या गुणांवर एक. त्या आठ जणी चौदा फेऱ्या खेळतात, आणि जिंकणारी जगज्जेतीला आव्हान देते. २०२४ ला टोरांटोत टॅन झोंगयी जिंकली, २०२५ मध्ये जू वेनजुनने तिला साडेसहा-अडीचने हरवलं. नागपूरची दिव्या पुण्याच्या ग्रां प्रीत हम्पी आणि झू जिनेरच्या मागे राहिली, आणि तीन महिन्यांनी विश्वचषकाच्या अंतिम फेरीत त्याच हम्पीला टायब्रेकच्या डावांत हरवून थेट ग्रँडमास्टर झाली. एक रस्ता अडला म्हणून बाकीचे अडत नाहीत, हे तिच्याकडे बघून मला मनापासून पटतं.

हे सगळं सांगलीतून बोलायला मला संकोच वाटत नाही. इथे नूतन बुद्धिबळ मंडळात भाऊसाहेब पडसलगीकरांनी भाग्यश्री साठे आणि स्वाती घाटे यांच्यासारख्या खेळाडू घडवल्या. साखळीत खेळायची सवय मुलींना इथे बसूनही लावता येते, त्यासाठी परदेशाचं तिकीट लागत नाही.

म्हणूनच दिवाळीच्या सुट्टीत दहा मुलींची नऊ फेऱ्यांची साखळी ठरवलीय, दर दिवशी एकच डाव, ग्रां प्रीच्याच वेळेवर. जागांचे गुणही तेच लावणार आहोत, १३० पासून १० पर्यंत, म्हणजे तुम्हाला शेवटच्या फेरीचा हिशोब प्रत्यक्ष करावा लागेल. फोन आणि स्मार्टवॉच दाराशी जमा होतील, तेव्हा साधं घड्याळही घालून येऊ नकोस. जोड्या बर्जर तक्त्याने आहेत. चिठ्ठ्या काढल्या, तुझा क्रमांक सहा आला. वरच्या पाच क्रमांकांना पाच वेळा पांढरी मिळते, सहापासून पुढच्यांना चार वेळा. त्यातही सहाला पहिल्या दोन्ही फेऱ्या काळ्या, आधी पाच क्रमांकाशी, मग दहाशी. तिसरीत सातशी पहिली पांढरी. पाच नंबरची राजाचं प्यादं खेळते आणि दहाची वजिराचं, म्हणजे तुझी दोन्ही उत्तरं सुरुवातीलाच लागणार. दोघींचे डाव गोळा करून ठेवलेत, तुझी त्यांच्यावरची दोन पानं येण्याआधी मला पाठव.

तुझी
आई