केशवरावांनंतर बापूराव, बापूरावांनंतर अण्णा, आणि आपलं मंडळ

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की आमचं नाट्यमंडळ चालवणारे सर मुलाकडे नागपूरला राहायला गेले म्हणजे मंडळ संपलं, आता तू एकटी कशाला ओढत बसतेस. त्यावर मला बरंच बोलायचं होतं पण तुम्ही लगेच आईकडे फोन दिलात आणि आईने नेहमीप्रमाणे जेवलीस का, गॅस बंद केलास का, पाणी किती दिवसांनी येतंय हे सुरू केलं. (पाणी अजून चार-पाच दिवसांनीच येतंय आई, टाकी भरून ठेवते.) म्हणून म्हणलं लिहूनच टाकावं, दादा प्रिंट काढून देईल, सावकाश वाचा.

माणूस गेला की संस्था संपते असं तुम्ही म्हणता ना, तर मला तुम्हाला ललितकलादर्श या जुन्या संगीत नाटक कंपनीबद्दल सांगायचंय. गेल्या काही महिन्यांत मी जेवढं मिळेल तेवढं वाचलंय आणि आता डोक्यात दुसरं काही येतच नाही.

केशवराव भोसले हे नाव तुम्हाला माहितीच आहे, कोल्हापूरचे, जन्म 1890 चा. लहानपणीच स्वदेशहितचिंतक या नाटक मंडळीत गेले आणि देवलांच्या शारदेत शारदा करायचे, गाण्यासाठी लोक वेडे व्हायचे. आणि 1 जानेवारी 1908 ला या मुलाने हुबळीत स्वतःची कंपनी काढली, तीच ललितकलादर्श. वय 17 वर्षं! आपल्या मंडळातली अकरावी-बारावीची पोरं बघते तेव्हा मला हे खरंच वाटत नाही. कारण कंपनी काढायची म्हणजे नुसतं नाटक बसवायचं नव्हतं, पाच-पन्नास माणसांचं बिऱ्हाड सांभाळायचं. नट, साथीदार, आचारी, कपडेवाला, पडदे ओढणारे, सगळे पगारावर आणि सगळे एकाच पंगतीला. एका गावात मुक्काम टाकला की आठवड्यातून दोन-तीन खेळ, आणि तेही दर वेळी वेगळ्या नाटकाचे कारण गाव तेच, प्रेक्षक तेच. आज सौभद्र, पुढच्या खेळाला मृच्छकटिक, मग शारदा. म्हणजे एकेका नटाच्या तोंडात एका वेळी सात-आठ नाटकं तयार हवीत आणि आज जो नायक तो उद्या दोन वाक्यांच्या भूमिकेत उभा राहायला तयार हवा. आपल्याकडे राज्य नाट्य स्पर्धेसाठी वर्षाला एक नाटक बसवताना सगळ्यांच्या नाकी नऊ येतात बाबा.

आणि हुबळी काही आपल्याला लांब नाही. त्या वेळी हुबळीकडच्या कंपनीला आपलं सोलापूर गाठायचं तर गदग, बागलकोट, विजापूर करत होटगीपर्यंत छोट्या गेजची गाडी, आणि होटगीला मोठी लाईन. म्हणजे ट्रंका, पडद्यांच्या गुंडाळ्या, तबले, पायपेटी सगळं एका गाडीतून काढून दुसऱ्या गाडीत चढवायचं. होटगी स्टेशनवरून जाताना मला आता दर वेळी ते सामान दिसतं.

केशवराव जुनी गाजलेली नाटकं करत बसले असते तरी कंपनी चालली असती, गळाच तसा होता. पण त्यांनी मामा वरेरकरांसारख्या नव्या माणसाची नाटकं घेतली. हाच मुलाचा बाप हे हुंड्यावरचं, संन्याशाचा संसार हे धर्मांतरावरचं. संगीत नाटकाचा प्रेक्षक तेव्हा बहुतेक पौराणिक राजे-राण्या बघायला यायचा, त्याच्यासमोर हुंडा घेणारा बाप उभा करायचा म्हणजे केवढी हिंमत. गाणी होतीच, गवई वझेबुवांच्या चाली होत्या, म्हणजे लोकांना जे आवडतं ते सोडलं नाही पण त्यातूनच जे सांगायचं ते सांगितलं. मला वाटतं कंपनीचा खरा पाया हा होता.

मग 1921. जुलैच्या 8 तारखेला मुंबईत संयुक्त मानापमान झालं, टिळक स्वराज्य फंडासाठी. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर, म्हणजे एकमेकांच्या तोडीस तोड दोन कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर. तुमच्या वडिलांच्या पिढीने त्या रात्रीच्या गोष्टी सांगून सांगून झिजवल्या. पण त्यानंतर तीन महिनेसुद्धा झाले नाहीत आणि 4 ऑक्टोबरला केशवराव गेले, 31 व्या वर्षी. बाबा, आता तुमचं म्हणणं इथे लावून बघा. कंपनीचा मालक तोच, मुख्य गायक तोच, लोक तिकीट काढायचे तेही त्याच्यासाठीच. संपायला याहून मोठं कारण काय हवं?

कंपनी बापूराव पेंढारकरांनी हातात घेतली. ते कंपनीतलेच नट, गाणारे. आणि पुढच्याच वर्षी, 1922 ला, त्यांनी वरेरकरांचं सत्तेचे गुलाम काढलं, असहकाराच्या हवेत लिहिलेलं, वकील आणि सत्ता यांच्यावरचं. या नाटकाचं मला सगळ्यात जास्त कौतुक कशाचं असेल तर सेटचं. तोपर्यंत काय असायचं, मागे रंगवलेला पडदा. राजवाड्याचा एक, रस्त्याचा एक, जंगलाचा एक, तुरुंगाचा एक, दोरी ओढली की गुंडाळी सुटायची आणि नट त्याच्यापुढे येऊन उभा राहून गायचा. वारा आला की राजवाडा हलायचा. इथे पु. श्री. काळ्यांनी खोली उभी केली, तीन बाजूंनी भिंती, उघडणारं दार, खिडकी, आत खरं फर्निचर. आता तुम्ही म्हणाल त्यात काय एवढं. पण दार आलं की सगळंच बदलतं! नट विंगेतून चालत येत नाही, तो दार उघडून घरात येतो, मागे वळून दार लावतो, खुर्चीवर बसतो, दुसऱ्याकडे बघून बोलतो. हे मला कळलं ते मागच्या महिन्यात आमच्या तालमीत. हॉलच्या कोपऱ्यात जुन्या कपाटाचं एक दार पडलं होतं, ते पोरांनी दोन बाकांच्या मधे बांधून उभं केलं आणि एका मुलीला म्हणलं की आता तुझा नवरा मिलमधून आलाय, दार उघड. तोपर्यंत ती वाक्यं पाठ म्हणल्यासारखी म्हणत होती, आणि कडीला हात लावल्यावर थांबली, पदर नीट केला, मग उघडलं. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

नंतर तुरुंगाच्या दारात आलं, अस्पृश्यतेवरचं, आणि 1932 ला सोन्याचा कळस, गिरणी कामगारांवरचं. 1932 म्हणजे बोलपट येऊन ठेपले होते, मराठीत अयोध्येचा राजा त्याच वर्षीचा, आणि नाटक कंपन्या एकेक करून गळत होत्या. त्यात ही कंपनी मालक-मजूर दाखवत होती, पदं गात. आपल्या गावात त्या वेळी मिलच्या भोंग्यावर घड्याळ लावायचे लोक. बाबा, तुमची अर्धी जिंदगी मिलच्या साचेखात्यात, मागांवर गेली, तुम्हाला हे मी काय सांगणार.

1937 ला बापूराव गेले आणि कंपनी थांबली. हे मी लपवत नाही. थांबलीच. मुलगा भालचंद्र तेव्हा 15 वर्षांचा. आणि हे वाचल्यावर मी पुस्तक बाजूला ठेवलं होतं थोडा वेळ: हा भालचंद्र जन्मला 25 नोव्हेंबर 1921 ला, म्हणजे केशवराव गेल्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते. तो वझेबुवांकडे गाणं शिकला आणि 1942 ला विशीत त्याने ललितकलादर्श परत उभी केली. कोणत्या नाटकाने? सत्तेचे गुलामनेच. वडिलांचंच नाटक, 20 वर्षांपूर्वीचं. नवीन माणूस आला की त्याला वाटतं सगळं नवीनच करून दाखवावं, याने आधी घरातलं काढलं, त्यावर उभा राहिला आणि मग पुढे गेला.

पुढचं आईला माहितीये. दुरितांचे तिमिर जावो 1957 चं, बाळ कोल्हटकरांचं, त्यातलं अण्णा पेंढारकरांचं, म्हणजे याच भालचंद्रांचं, आईच्या आठवणीचं पद रेडिओला लागलं की तू कणिक मळायची थांबायचीस, मी लहान होते पण मला आठवतंय. मग 1960 ला पंडितराज जगन्नाथ, 1966 ला जय जय गौरीशंकर, दोन्ही विद्याधर गोखल्यांची, संगीत नाटक संपलं संपलं म्हणत असताना. आणि अण्णांनी अजून एक केलं ज्याचे उपकार मोजता येणार नाहीत, नाटकं टेपवर रेकॉर्ड करून ठेवली, स्वतःचीच नाही, इतरांचीसुद्धा. 2008 ला कंपनीला 100 वर्षं झाली तेव्हा ते हयात होते. 2015 ला गेले.

म्हणजे बघा, तीन माणसं. तिघांचा काळ वेगळा, गळा वेगळा, प्रेक्षक वेगळा. पगारावरचं बिऱ्हाड, पंगत, आठवड्याला तीन नाटकं हे सगळं मधेच केव्हातरी गेलं, तशी कंपनी परत कोणालाच चालवता आली नाही आणि येणारही नाही. तरी नाव राहिलं कारण प्रत्येक वेळी आतलाच कोणीतरी पुढे आला ज्याला जुनी नाटकं तोंडपाठ होती. बाहेरून मोठा माणूस आणला नाही. बाबा, मला सरांची चार नाटकं तोंडपाठ आहेत, प्रॉम्प्टिंग करून करून. लाईट कुठे बदलतो, झालर कुठे सुटते, कोण कुठल्या वाक्याला चुकतो सगळं माहितीये. सर पण हेच म्हणाले जाताना, की ट्रंकेची किल्ली तुझ्याकडे राहू दे.

2024 च्या ऑगस्टमधे नाही का, कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळलं, 8 तारखेच्या रात्री, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. शाहू महाराजांनी बांधलेलं. मी मोबाईलवर बघत होते आणि रडत होते, आणि सकाळी बातम्यांत बघितलं तर कोल्हापूरचे नट, बॅकस्टेजवाले, म्हातारी माणसं तिथे बाहेर उभी होती आणि परत बांधायचं म्हणत होती. ते बघून मला जे वाटलं तेच मी तुम्हाला इतकं लांबलचक लिहितेय.

तर माझं ठरलंय. यंदा स्पर्धेला सरांचंच जुनं नाटक घेणार, पोरांना त्यात उभं राहता येईल. नोकरी सोडत नाहीये, आई, तू काळजी करू नकोस, तालमी संध्याकाळी सात ते नऊच आणि हॉल घरापासून जवळ आहे. पैशाचा हिशोब मी वेगळ्या वहीत ठेवलाय, ज्यांनी वर्गणी दिली त्यांना दर महिन्याला ग्रुपवर टाकते. स्पर्धेचा निकाल काही लागो, नंतर हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात एक खेळ तिकीट लावून करायचा, तारीख मिळाली की कळवते. आणि त्यानंतर, पुढच्या वर्षी, मला मिलवरचं नाटक करायचंय, आपल्या गावातलं, आपल्या बोलीतलं, ज्यात मराठी, कानडी, तेलुगू तिन्ही ऐकू येतील जशी साचेखात्यात यायची.

त्याच्यासाठी बाबा तुम्ही लागणार. रविवारी दादाला व्हिडिओ कॉल लावायला सांगा, पोरं हॉलमधे बसतील. त्यांना मिल माहितीच नाही, त्यांना चिमणी माहितीये फक्त. पाळी बदलताना गेटवर काय व्हायचं, बदली कामगार सकाळी कुठे उभे राहायचे, जॉबर म्हणजे मुकादम काय बोलायचा, धागा तुटला की हात कसा जायचा ते सांगा, हाताने करून दाखवा. मिल बंद पडली त्याबद्दल बोलायचं नसेल तर बोलू नका, मी पोरांना विचारू देणार नाही. आणि आई, जेवणाच्या डब्यात तुम्ही बायका काय द्यायच्या, कोणाच्या घरी काय असायचं ते तू सांग, ते बाबांना आठवत नसणार.

शेंगाची चटणी आणि कडक भाकरी परवा एका ओळखीच्यांबरोबर पाठवते, ते पुण्याला जाताहेत. बाबांची बीपीची गोळी रात्रीची आहे, सकाळची नाही, वहिनीला परत एकदा सांग. रविवारी अकराला, विसरू नका.

तुमची,
सुमी