सेवागौरव समारंभ : थीम नंतर ठरवा, आधी नावांची यादी द्या

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

डिसेंबर ते मार्च हा पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण पट्ट्यातल्या कंपन्यांच्या स्नेहसंमेलनांचा, सेवागौरव समारंभांचा आणि ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाचा हंगाम. यातली बरीच कामं आमच्यासारख्या चार-सहा माणसांच्या लहान इव्हेंट कंपन्या करतात. 'या वेळी काहीतरी अर्थपूर्ण हवं' असं एचआरकडून हमखास सांगितलं जातं. मग तीन कोटेशनं मागवली जातात आणि सगळी चर्चा थीम, एलईडी वॉल (स्टेजमागचा मोठा पडदा) आणि निवेदिका यांच्याभोवती फिरते. पंचवीस वर्षं मशीनवर काढलेल्या माणसाच्या वाट्याला स्टेजवर किती सेकंद येणार, हे कोणी विचारत नाही.

हिशेब साधा आहे. नाव पुकारणं, पायऱ्या चढणं, शाल, मानचिन्ह, फोटो आणि उतरणं याला एका माणसामागे ४० ते ४५ सेकंद लागतात. पती किंवा पत्नीला सोबत बोलावलं तर एक मिनिट. ६० सत्कारमूर्ती असतील तर पाऊण ते एक तास गेला. मिनिट-टू-मिनिटमध्ये, म्हणजे कार्यक्रमाच्या मिनिटवार वेळापत्रकात, मात्र यासाठी वीस मिनिटं धरलेली असतात, त्यात पाहुणे उशिरा येतात आणि साहेबांचं भाषण लांबतं. शेवटी दहा-दहा जणांना एकदम वर घेऊन एक फोटो काढला की झाला गौरव! वेळ खरोखरच कमी असेल तर पाच-दहा वर्षंवाल्यांना विभागवार एकत्र बोलवा, पण वीस-पंचवीस वर्षंवाल्यांना एकेकटंच. आणि सत्कार जेवणाच्या, ऑर्केस्ट्राच्या आधी घ्या. जेवण झालं की अर्धा हॉल परतीच्या बसकडे निघालेला असतो.

सगळ्यात जास्त गोंधळ यादीत होतो. एचआर सॉफ्टवेअरमधून निघणारी यादी इंग्रजी कॅपिटल अक्षरांत असते. आडनाव आधी, नाव नंतर. निवेदक बाहेरचा असला की त्यातून काळेचा 'काले' होतो, गोळेचा 'गोले', ढोलेचा 'धोले'. समोर त्या माणसाची आई बसलेली असते. कॉम्प्युटरवर आपोआप देवनागरी करून घेतलेली यादीही भरवशाची नाही, त्यात नव्या चुका निघतात. यादी देवनागरीत टाइप करून प्रत्येक विभागाच्या सुपरवायझरकडून वाचून घ्यावी आणि निवेदकानं आदल्या दिवशी ती मोठ्यानं म्हणून दाखवावी. शक्य असेल तर प्रत्येकाची एक ओळ गोळा करावी : कोणत्या वर्षी, कोणत्या विभागात लागले, पहिलं मशीन कोणतं. ६० जणांच्या साठ ओळी जमवायला दोन आठवडे लागतात, कारण माणसं तीन पाळ्यांत विभागलेली असतात. कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी ऑर्डर मिळाली तर हे काम होत नाही, फक्त फुगे लागतात.

मानचिन्हांचंही तसंच. नावं कोरलेली असतील तर क्रम चुकला की रांगच बिघडते : एक माणूस गैरहजर राहिला आणि त्याचं मानचिन्ह टेबलावरून काढलं गेलं नाही, तर पुढच्या प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याचं नाव जातं. उपाय दोन. प्रत्येक मानचिन्हाच्या तळाला यादीतल्या नंबराचं स्टिकर लावायचं, आणि स्टेजच्या चढत्या पायऱ्यांपाशी यादी घेऊन एक माणूस उभा करायचा. तो आलेला माणूस बघूनच आत नंबर कळवतो. चढायचं एका बाजूनं, उतरायचं दुसऱ्या. उभं राहायची जागा टेपनं आखलेली हवी. मागे एलईडी वॉल पूर्ण ब्राइटनेसवर असेल तर फोटोत चेहरे काळे येतात, म्हणून सत्काराच्या वेळी वॉलचा ब्राइटनेस उतरवून समोरचा लाइट वाढवायचा. लाखभर रुपयांची वॉल लावून हे एवढं न केल्यामुळे अल्बम फुकट गेलेले आहेत.

जागेबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. सेवागौरवासाठी लॉनपेक्षा नाट्यगृह बरं. चिंचवडचं रामकृष्ण मोरे किंवा भोसरीचं अंकुशराव लांडगे सभागृह असेल तर सगळ्या खुर्च्या स्टेजकडे तोंड करून असतात. लॉनवर गोल टेबलं लावली की निम्मे लोक स्टेजकडे पाठ करून सूप पीत असतात. नाट्यगृह मात्र सत्रानं मिळतं. दुपारच्या नाटकाचा सेट निघाल्याशिवाय आपला सेटअप सुरू होत नाही, तेव्हा जमलं तर दुपारचं सत्रही घ्यावं. उघड्यावर कार्यक्रम असेल तर रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद, हे धरूनच आखणी करावी. चाकणच्या कंपनीनं साधा वार धरून सहाची वेळ दिली तर पुणे-नाशिक रस्त्यावरच्या कोंडीतून कुटुंबं साडेसातला पोचतात. भोसरीकडे अनेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, पण मुलांची शाळा असते. सकाळचा कार्यक्रम ठेवलात तर घरचे येणार नाहीत.

आणखी एक, जरा अवघड गोष्ट. कंत्राटी कामगार आणि कॅन्टीनवाले यांची नावं एचआरच्या यादीत नसतात, मग काम करून बारा वर्षं झालेली का असेनात. त्यांना निदान जेवणाला बोलवायचं की नाही हे कंपनीनं आधी ठरवावं. दारावरच्या माणसाला ऐनवेळी ठरवायला लावू नये.

आता पैशाचं. कोटेशनांची तुलना नुसत्या शेवटच्या आकड्यावरून करू नका. एकानं 'साउंड'मध्ये चार टॉप, चार बेस स्पीकर धरलेले असतात, दुसऱ्यानं दोन-दोन. स्टेजचं माप, वॉलचा पिच (तिच्यातल्या दिव्यांमधलं अंतर), जनरेटरचे केव्हीए (क्षमता) आणि माणसं किती, हे कंपनीनंच लिहून द्यावं आणि त्यावर दर मागवावेत. गाण्यांचं लायसन्स कोण काढणार, हेही त्यातच लिहावं. लग्नाला कॉपीराइट कायद्यात सूट आहे, कंपनीच्या पार्टीला नाही, आणि हॉलवाले ते कागद आदल्या दिवशी मागतात.

मंडपवाला, केटरर, हमाल यांना आम्ही त्याच रात्री किंवा त्या आठवड्यात पैसे देतो. आमचं बिल मात्र व्हेंडर कोड (कंपनीकडचा पुरवठादार क्रमांक) आणि मागाहून निघणाऱ्या पीओच्या (खरेदीच्या लेखी ऑर्डरच्या) फेऱ्यात तीन-तीन महिने फिरतं. चार लाखांच्या बिलावर १८ टक्क्यांनी ७२ हजार जीएसटी होतो. तो पैसे आले नाहीत तरी पुढच्या महिन्यात भरावाच लागतो. २००६च्या एमएसएमई कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे आहेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दरानं, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या प्राप्तिकराच्या तरतुदीनुसार, मुदत उलटलेली अशी रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय कंपनीला खर्च म्हणून वजाही करता येत नाही. तेव्हा लहान इव्हेंटवाल्यांनी उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) करून तिचा क्रमांक बिलावर छापावा, आणि पीओ हातात आल्याशिवाय मानचिन्हांची ऑर्डर देऊ नये. निम्मी रक्कम आगाऊ मागायला संकोच नको.

आपले,
चिंचवड परिसरातील काही लहान इव्हेंट व्यावसायिक