तक्रार : रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन ९८ होतं म्हणून आयसीयूचे दोन दिवस नाकारणाऱ्या तुमच्या 'मेडिकल टीम'बद्दल

दि. २० फेब्रुवारी २०२५, पुणे

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा दावे विभाग

पॉलिसी क्रमांक आणि क्लेम क्रमांक ईमेलच्या विषयात आहेत. फोनवर ते चार वेळा सांगून झाले, पाचव्यांदा सांगणार नाही. कॅशलेस, प्री-ऑथ, एन्हान्समेंट, क्वेरी हे सगळं तुमचंच आहे, त्यामुळे त्याची फोड करत बसत नाही.

रुग्ण माझी आई, वय ६१, वजन ६० किलो. निदान गुलेन बॅरी सिंड्रोम, म्हणजे जीबीएस : शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते आणि हातापायांतली ताकद झपाट्याने जाते. दाखल २८ जानेवारी, डिस्चार्ज १० फेब्रुवारी. पैकी ९ दिवस आयसीयू, ४ दिवस वॉर्ड. पॉलिसीचं हे सलग आठवं वर्ष. मधुमेह पहिल्या दिवसापासून प्रपोजल फॉर्मवर लिहिलेला आहे.

तुम्ही १,०६,४२३ रुपये चुकीचे कापलेत किंवा आमच्या अंगावर टाकलेत. हिशेब पुढे देते. डायपर, ग्लोव्हज, अंडरपॅड यांचे पैसे कापले त्याबद्दल तक्रार नाही, ती यादी आता पाठ झाली आहे.

आधी आजचा दुपारचा फोन. मराठीसाठीचं बटण दाबून अकरा मिनिटं तुमची जाहिरातीची धून ऐकल्यावर लाइनवर आलेल्या गृहस्थांनी 'मेडिकल टीम' अशी ओळख करून दिली. तुम्ही डॉक्टर आहात का, या प्रश्नाला दोनदा एकच उत्तर मिळालं, 'मॅडम, मी मेडिकल टीममधून बोलतोय.' पुढचं बोलणं झालं तसं देते. रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहे, ताडून घ्या.

'पेशंटचं सॅच्युरेशन ऑक्सिजनशिवाय ९८ होतं, मॅडम. शुद्धीवर होत्या, बोलत होत्या. पहिले दोन दिवस वॉर्डात भागलं असतं.'

'ब्रेथ काउंट पाहिलात का? नर्सिंग चार्ट, पान १४.'

'ब्रेथ काउंट आमच्या प्रोटोकॉलमध्ये नाही. सॅच्युरेशन आहे.'

'व्हायटल कपॅसिटी, म्हणजे पूर्ण श्वास घेऊन बाहेर टाकता येते ती हवा, १,१५० मिली आली होती. ६० किलोच्या माणसाची १,२०० च्या खाली गेली की...'

'एक मिनिट होल्ड करता का?'

ते एक मिनिट सहा मिनिटांचं होतं.

'सीनियरना विचारलं, मॅडम. सॅच्युरेशन नॉर्मल आहे.'

'मग तुमच्या मते आयसीयू कधी मंजूर झाला असता?'

'व्हेंटिलेटर लागला असता तर केस स्ट्राँग झाली असती.'

हे वाक्य मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. त्यांनी पुन्हा म्हटलं, त्याच सुरात, पिनकोड सांगावा तसं. मग विचारलं, अजून काही मदत हवी आहे का. फोन ठेवल्यावर एक ते पाचमध्ये रेटिंग द्यायचा मेसेज आला. त्यात शून्याची सोय नाही, तीही तक्रार समजा.

आता तुमच्या प्रोटोकॉलमध्ये काय नाही ते ऐका. जीबीएसमध्ये फुप्फुसं ठणठणीत असतात, थकतात ते श्वासाचे स्नायू. स्नायू थकले की हवा कमी खेळते, रक्तात आधी कार्बन डायऑक्साइड साचतो, आणि बोटावरच्या क्लिपवरचा आकडा सगळ्यात शेवटी पडतो. तो पडेपर्यंत थांबलं तर वॉर्डातल्या खाटेवर, रात्री, धावपळीत श्वासनलिकेत नळी घालायची वेळ येते. जीबीएसच्या साधारण दर चार-पाच रुग्णांत एकाला व्हेंटिलेटर लागतोच. तो कोणाला लागेल हे आधी कळावं म्हणून आयसीयूत ठेवतात, आणि ते कळतं सॅच्युरेशनवरून नव्हे.

ब्रेथ काउंट मोजायची पद्धत साधी आहे. तुमच्या मेडिकल टीमलाही जमेल. रुग्णाला पूर्ण श्वास घ्यायला सांगायचं आणि तो न तोडता, एका लयीत, मोठ्यानं आकडे म्हणायला लावायचे. धडधाकट माणूस ४० च्या आसपास किंवा पुढे जातो. पान १४ वर लिहिलेलं आहे : २८ जानेवारी, रात्री ८ वाजता २४. पहाटे ४ वाजता १७. सकाळी ८ वाजता १३. तिन्ही वेळा सॅच्युरेशन ९८. त्याच पानावर 'उशीवरून मान उचलता येत नाही' अशी नोंद आहे. मान उचलणारे आणि श्वासाचे स्नायू बहुधा बरोबरीनेच खचतात, म्हणून ती नोंद असते. 'पाणी पिताना ठसका' आहे. रक्तदाब एका तासात १७०/१०० वरून ९०/६० वर आल्याची नोंद आहे, कारण या आजारात रक्तदाब आणि नाडी सांभाळणाऱ्या नसाही बिघडतात. हे सगळं वॉर्डात इतक्या वेळा मोजलं जात नाही. २८ आणि २९ जानेवारी हे तुम्ही नाकारलेले नेमके तेच दोन दिवस. ३० तारखेला नाकाला ऑक्सिजनची नळी लागली आणि तिथून तुमची मंजुरी सुरू झाली. रोजचे १४,००० प्रमाणे २८,००० रुपये.

क्वेरींबद्दल. आयव्हीआयजीचं, म्हणजे शिरेतून द्यायच्या अँटिबॉडीच्या औषधाचं, एन्हान्समेंट, म्हणजे वाढीव रकमेच्या मंजुरीचा अर्ज, २९ तारखेला सकाळी साडेनऊला गेला. विमा नियामकाच्या (आयआरडीएआय) २९ मे २०२४ च्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे कॅशलेसचा निर्णय एका तासात द्यायचा असतो. तुम्ही २६ तास घेतलेत आणि चार क्वेरी काढल्यात, एकेक करून. एकीचं उत्तर गेलं की दुसरी.

पहिली : मधुमेहाचं सगळ्यात पहिलं प्रिस्क्रिप्शन द्या. कशासाठी? हातापायांतली ताकद मधुमेहामुळे गेली, असं म्हणायला जागा मिळावी म्हणून. मधुमेहाने नसा खराब व्हायला वर्षं लागतात आणि सुरुवात मुंग्या-बधिरपणाने होते. इथे सोमवारी जिना चढणारी बाई गुरुवारी चमचा धरू शकत नव्हती. शिवाय सलग ६० महिने पूर्ण झालेल्या पॉलिसीवर, फसवणूक सिद्ध केल्याशिवाय, लपवाछपवीचा मुद्दा काढता येत नाही. आमचे ८४ महिने केव्हाच झाले. आणि लपवलं तरी काय होतं? फॉर्मवर लिहिलेलं आहे. त्याच सर्क्युलरप्रमाणे कागद रुग्णालयाकडून तुम्ही किंवा तुमच्या टीपीएने, म्हणजे तुमच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेने, गोळा करायचे असतात, आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकाने घरी जाऊन जुन्या फायली उपसायच्या नसतात.

दुसरी : पाठीच्या पाण्याच्या रिपोर्टमध्ये प्रोटीन नॉर्मल आहे, मग जीबीएस कसा? पहिल्या आठवड्यात बऱ्याच रुग्णांत ते नॉर्मलच येतं, नंतर वाढतं. निदान झालं होतं ते गुडघा-घोट्यावर हातोडी मारल्यावर काहीच न हलण्यावरून, वर सरकत गेलेल्या अशक्तपणावरून आणि नर्व्ह कंडक्शन, म्हणजे नसांच्या विद्युत तपासणीवरून. हे न्यूरोलॉजिस्टनी आधीच्याच पानावर लिहिलं होतं. तिसरी : हा आजार दुर्मीळ आहे, स्पष्टीकरण द्या. जीबीएसची साथ : जानेवारी २०२५, पुणे, सिंहगड रस्ता, किरकटवाडी, धायरी, नांदेड गाव. तुमचं शाखा कार्यालय याच शहरात आहे. रोज पेपर येतो ना तिथे? चौथी अर्थातच सॅच्युरेशनची.

एकदाच विचारा. काय हवं ते एका कागदावर लिहून एकदाच विचारा. आयव्हीआयजीचा खरा उपयोग आजार सुरू झाल्यापासून पहिल्या दोन आठवड्यांत होतो, आणि जितकं लवकर तितकं बरं. तुमच्या २६ तासांत औषध थांबलं नाही, कारण दीड लाख डिपॉझिट भरून ते सुरू करून घेतलं. कॅशलेस पॉलिसीवर.

आता आयव्हीआयजीची पंचविसावी बाटली. डोस किलोमागे ०.४ ग्रॅम, रोज, पाच दिवस. ६० किलोला रोज २४ ग्रॅम, एकूण १२०. बाटली ५ ग्रॅमची, १०० मिली. तुमच्या ऑडिटरनी १२० ला ५ ने भागलं, २४ आले, बिलात २५ दिसल्या, ११,००० रुपये कापले, शेरा 'अतिरिक्त वापर'. गणित बरोबर आहे, फक्त औषध कसं देतात ते माहीत नाही. रोज चार पूर्ण बाटल्या आणि पाचवीतले ८० मिली लागतात. उरतात २० मिली. त्यात प्रिझर्व्हेटिव्ह नसतं, बूच फोडलं की तेव्हाच वापरायचं. ही कालची आमटी नव्हे, उरली तर फ्रीजमध्ये ठेवून उद्या ऊन करून घ्यायला. पाच दिवस रोज २० मिली म्हणजे १०० मिली. ही तुमची पंचविसावी बाटली. इथेच गेली, कुणी घरी नेली नाही. पंचवीसही बाटल्यांचे बॅच नंबरचे स्टिकर फाइलमध्ये चिकटवलेले आहेत आणि इन्फ्युजन चार्टवर प्रत्येकीची सुरू-बंद वेळ आहे.

प्रपोर्शनेट डिडक्शन, म्हणजे खोलीभाडं मर्यादेपुढे गेलं की त्याच प्रमाणात बाकीच्या खर्चातली कपात. पॉलिसीत खोलीभाडं रोज ५,००० पर्यंत. वॉर्डात चार दिवस ६,५०० ची खोली मिळाली, त्याहून स्वस्त रिकामी नव्हती. त्या चार दिवसांच्या डॉक्टर-भेटी आणि नर्सिंगवर कपात केलीत, मान्य. पण तोच २३ टक्क्यांचा हिशेब उरलेल्या २४ बाटल्यांच्या २,६४,००० रुपयांवर लावून ६०,९२३ रुपये कापलेत. जून २०२० च्या प्रमाणीकरणाच्या मार्गदर्शक सूचनांत औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या या कपातीतून स्पष्टपणे बाहेर ठेवल्या आहेत, आयसीयूचा खर्चही. आणि औषध दिलं २९ जानेवारी ते २ फेब्रुवारी, आयसीयूत. खोली घेतली ६ तारखेला. चार दिवसांनंतर घेतलेल्या खोलीच्या भाड्यामुळे आधी दिलेलं इंजेक्शन महाग कसं पडलं, हे तुमच्या सिस्टिमला विचारून मला कळवा.

डिस्चार्ज. फायनल बिल १० फेब्रुवारीला ११.२० ला आलं, मंजुरी संध्याकाळी ७.५० ला. मर्यादा तीन तासांची आहे, तुम्हाला साडेआठ लागले. रुग्णालयाने जादा दिवसाचं ६,५०० भाडं लावलं, ते आम्हीच भरलं. तीन तासांपुढचा असा खर्च तुम्ही भागधारकांच्या निधीतून द्यायचा असतो. स्वतःहून हात वीतभरही न उचलता येणारं माणूस दिवसभर निघायच्या तयारीत व्हीलचेअर आणि खाट यांच्यात ठेवायचं म्हणजे काय, ते लिहीत नाही. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, एवढंच नोंदवून ठेवते.

एकूण असं : आयसीयू २८,०००, बाटली ११,०००, औषधावरची कपात ६०,९२३, जादा खोलीभाडं ६,५००. बरोबर १,०६,४२३. उशिराबद्दल बँक दर अधिक २ टक्के व्याज वेगळं. यातलं जे नाकाराल ते पॉलिसीच्या नेमक्या कोणत्या कलमाखाली नाकारलं ते लिहा. 'प्रोटोकॉल' हे कलम नाही. आयसीयूचे दोन दिवस ज्यांनी नाकारले त्यांची वैद्यकीय पदवी आणि नोंदणी क्रमांकही कळवा. डिस्चार्जनंतरची फिजिओथेरपीची बिलं येत राहतील. पावलं लोंबकळू नयेत म्हणून स्प्लिंट आणि रोजचे व्यायाम हा याच आजाराचा उपचार आहे. 'संबंध नाही' असा शेरा त्यावर मारून परत पाठवू नका.

तुम्हाला १४ दिवस आहेत. त्यानंतर नियामकाचं तक्रारींचं बीमा भरोसा पोर्टल, आणि ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. त्यांचं कार्यालय पुण्यात आहे, फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात. पान १४ तिथे मोठं करून नेणार आहे. व्हेंटिलेटरच्या वाक्याचं रेकॉर्डिंगही मागवीन, तेव्हा ते 'तांत्रिक कारणाने उपलब्ध नाही' असं होऊ देऊ नका.

सात वर्षं हप्ता एकदाही चुकला नाही. तुमच्या एजंटने पॉलिसी विकताना एकच वाक्य तीनदा म्हटलं होतं, 'ताई, कागदाची चिंता आमची.' पुढच्या नूतनीकरणाला ती चिंता दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करत आहोत. कार्यालयातल्या आणखी चौघांच्या पॉलिसी तुमच्याकडे आहेत, त्यांनीही विचारलं आहे.

उत्तर लेखी द्या. फोन करू नका.

पॉलिसीधारकाची मुलगी

ता. क. : पंचवीस स्टिकरांची प्रत पुन्हा जोडली आहे, चौथ्यांदा. पान ३१. मोजून घ्या.