ओटी झकास, पण रिकव्हरी कुठे?

महोदय,

तालुक्याच्या गावांतही आता ‘डे-केअर सर्जरी’च्या, म्हणजे ऑपरेशन करून त्याच दिवशी घरी पाठवण्याच्या, पाट्या लागू लागल्या आहेत. चांगलंच आहे. मोतीबिंदू, हायड्रोसील, लहान हर्निया यांसाठी धडधाकट माणसाला रात्रभर खाटेवर झोपवून ठेवण्यात अर्थ नाही. माझी तक्रार आहे ती या सेंटरांच्या नकाशांबद्दल.

नवं सेंटर बांधताना डॉक्टरांचा सगळा जीव ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात असतो. हवेतले बारीक कण गाळणारे हेपा फिल्टर, तासाला २० वेळा हवा बदलणारी यंत्रणा, वर छताला भारीतले दिवे. हवंच ते. पण भूलतज्ज्ञ म्हणून उभी हयात काढल्यावर सांगतो, इथे पेशंट ओटीत असतो पाऊण तास आणि ओटीबाहेर, भूल उतरेपर्यंत रिकव्हरीत, तीन-चार तास. त्या तीन-चार तासांची सोय होते पॅसेजमध्ये, पडद्याआड. (दर्शनी भागातला कारंजा मात्र कोणी विसरत नाही.) मग व्हायचं तेच होतं. पुढची केस टेबलावर घ्यायची म्हणून आधीच्याला घाईने उठवलं जातं. कमरेतून भूल दिलेल्या माणसाच्या पायांत ताकद आलेली नसते, लघवी झालेली नसते आणि लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही. मुलगा आणि वॉर्डबॉय त्याला दोन्ही बाजूंनी धरून जिना उतरवतात.

ग्लासगोचे सर्जन जेम्स निकोल यांनी १९०९ साली लहान मुलांवरच्या सुमारे ९००० शस्त्रक्रियांचा अहवाल मांडला. मुलं त्याच दिवशी घरी जात. पण मागोमाग नर्स घरी जाऊन त्यांना बघून येत असे. आपण घरी पाठवण्याचं तेवढं उचललं.

शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली परवानगी देताना अधिकाऱ्यांनी ओटीबरोबर हेही बघावं: एका ओटीमागे ऑक्सिजन, सक्शन (घशातली लाळ-उलटी ओढून घेणारं यंत्र) आणि मॉनिटर असलेल्या निदान दोन रिकव्हरी खाटा आहेत का, त्या नर्सच्या नजरेसमोर आहेत का, शेजारच्या संडासाचं दार बाहेर उघडतं का. आत पेशंट चक्कर येऊन दाराला टेकून पडला, तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. शिवाय गुंतागुंत झाल्यास कुठल्या मोठ्या रुग्णालयात हलवणार, हे लेखी असावं आणि अँब्युलन्स दारापर्यंत यावी.

जागा पुरत नसेल तर दोनऐवजी एकच ओटी बांधा. आणि पाया खणण्याआधी नकाशा एकदा भूलतज्ज्ञाला आणि रिकव्हरीत काम करणाऱ्या सिस्टरला दाखवा. आर्किटेक्टला न दिसलेला खांब सिस्टरला लगेच दिसतो.

– एक निवृत्त भूलतज्ज्ञ, सांगली