बुडालेल्या गाडीचे संमतीपत्र मराठीत द्या

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की चिपळूणमध्ये गाडी लावायला उंचावर कोणाकडे जागा मिळेल याची चौकशी सुरू होते, पण गाडीच्या विम्याचा कागद काढून वाचणारे घर अजूनही विरळाच. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव नदीचे पाणी बाजारपेठेत, पेठमापात, मुरादपुरात शिरले, तेव्हा आमची साडेचार वर्षांची गाडी अंगणात होती. ती ढकलून बाहेर काढावी एवढाही वेळ त्या पहाटे मिळाला नाही. त्यानंतरच्या अडीच महिन्यांत विमा कंपनी, वर्कशॉप आणि सर्व्हेअर (कंपनीसाठी नुकसान तपासणारा) यांच्या दारी जे शिकलो, ते कोकणातील गाडीमालकांना उपयोगी पडेल आणि संमतीपत्र, म्हणजे भरपाईची रक्कम मान्य असल्याचा सहीचा कागद, मराठीत द्यावा अशी विमा कंपन्यांकडे मागणी करता येईल, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पाणी ओसरल्यावर गाडीचे दार उघडले तर डॅशबोर्डच्या कप्प्यातून गढूळ पाणी आणि गाळ पायांवर आला. सीटच्या पाठीवर, अगदी मानेच्या उशीवर, चिखलाची सरळ रेघ उमटली होती. मुलाने किल्ली हातात घेतली होती, पण शेजारच्या गॅरेजवाल्याने हाक मारून त्याला थांबवले. त्या एका हाकेने आमचा क्लेम वाचला. इंजिनमध्ये पाणी असताना गाडी सुरू केली की पिस्टन पाण्यावर आदळून कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि हे नुकसान पुराने नव्हे तर मालकाच्या कृतीने झाले असे म्हणून साध्या पॉलिसीत ते नाकारले जाते. इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घेतले असेल तरच तिथे काही आशा असते. आमच्या आळीतील एका गृहस्थांनी गाडीची किल्ली एकदा फिरवून पाहिली आणि इंजिनाचा सगळा खर्च त्यांच्या अंगावर पडला. ज्यांच्याकडे केवळ थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता, विमा होता, त्यांना तर स्वतःच्या गाडीसाठी एक रुपयाही मिळाला नाही, कारण पूर, वादळ, दरड यांचे संरक्षण स्वतःच्या नुकसानीच्या भागात असते.

सर्व्हेअर नवव्या दिवशी आले. शहराची तेव्हाची अवस्था पाहता त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांच्यानंतर आलेल्या कागदाबद्दल. वर्कशॉपने दुरुस्तीचा अंदाज २ लाख ८५ हजार रुपये दिला होता आणि पॉलिसीवर गाडीचे विमामूल्य (आयडीव्ही), म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, ३ लाख ४० हजार होते. कंपनीने मात्र १ लाख ८८ हजारांचे संमतीपत्र पुढे केले. ‘पूर्ण व अंतिम रक्कम म्हणून मान्य’ असे त्यात इंग्रजीत छापलेले होते. रक्कम कशी काढली याचा त्यात एक शब्द नव्हता. सही केली तर आठवड्यात पैसे, नाही तर सांगता येत नाही, असे तोंडी सांगण्यात आले. घरात गुडघाभर गाळ, दुकान उघडायचे बाकी, अशा वेळी माणूस सही करतो, आणि आमच्या ओळखीच्या कितीतरी लोकांनी ती केली.

आम्ही हिशेब लेखी मागितला. तेव्हा कळले की प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के आणि धातूच्या भागांवर ३५ टक्के घसारा, म्हणजे भाग जुने झाल्याबद्दलची घट, कापला होता. पॉलिसीतील अटीनुसार गाडी बाहेर काढण्याचा आणि दुरुस्तीचा देय खर्च विमामूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण नुकसान झालेली, धरली जाते. आमच्या बाबतीत ही मर्यादा २ लाख ५५ हजार होती. वर्कशॉपचा अंदाज तिच्या वर आणि घसारा कापलेली रक्कम तिच्या खाली, म्हणजे सगळा निकाल त्या कपातीवर टेकलेला होता. आमच्या पॉलिसीत शून्य घसाऱ्याचे कलम होते, त्याचे जादा पैसे आम्ही भरले होते, तरीही कपात झाली होती. हे ईमेलने कळवले, पॉलिसीचे ते पान जोडले, आणि तीन आठवड्यांनी गाडी टोटल लॉस मान्य होऊन प्रत्येक क्लेममध्ये मालकाने सोसायच्या सक्तीच्या वजावटीचे १ हजार रुपये वगळता ३ लाख ३९ हजार मिळाले. ही चूक हेतुपुरस्सर होती असे मी म्हणणार नाही, पण हिशेब न मागता सही केली असती तर ती कधीच उघड झाली नसती.

मधल्या काळात ‘आज बाजारात या गाडीला एवढी किंमत येणार नाही’ असेही आम्हाला ऐकवले गेले. टोटल लॉसमध्ये पॉलिसीवरचे विमामूल्यच वर्षभर गाडीची किंमत मानायचे असते आणि त्यावर पुन्हा घसारा लावायचा नसतो, हे पॉलिसीतच लिहिलेले आहे. म्हणून नूतनीकरणाच्या दिवशी हप्ता थोडा कमी व्हावा यासाठी एजंट विमामूल्य खाली आणतो, तेव्हा त्याला तिथेच थांबवावे. चार वर्षे पूर्ण झालेल्या आणि पाच वर्षांच्या आतील गाडीला तिच्या उत्पादक कंपनीच्या विक्री किमतीतून ५० टक्के वजा होतात, त्याहून खाली जाण्याचे कारण नसते. गाडीवर कर्ज असेल तर पैसे आधी बँकेकडे जातात, हेही ध्यानात ठेवावे.

गाडीचा सांगाडा उचलायला परजिल्ह्यातील व्यापारी आला, तेव्हा त्याने गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या २९ आणि ३० क्रमांकांच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या मागितल्या. आम्ही खरेदीदाराचे नाव भरल्याशिवाय सही केली नाही आणि प्रती ठेवून घेतल्या. आरसी आपल्या नावावर राहिली आणि तीच गाडी दुरुस्त होऊन कुठे रस्त्यावर आली, तर पहिली नोटीस आपल्या घरी येते. गाडी कायमची निकामी झाली असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवणे ही मालकाचीच जबाबदारी आहे.

विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या परिपत्रकाने २४ तासांत सर्व्हेअर नेमणे, १५ दिवसांत अहवाल आणि त्यानंतर ७ दिवसांत निर्णय अशी मुदत घातली आहे, हे स्वागतार्ह आहे. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभर उत्तर दिले नाही, तर रत्नागिरी जिल्ह्यासाठी पुण्याच्या विमा लोकपालांकडे (विम्याच्या तक्रारी सोडवणारे अधिकारी) एक वर्षाच्या आत विनाशुल्क दाद मागता येते, त्यासाठी वकील लागत नाही. पण लवकर मिळणारा निर्णय समजणाऱ्या भाषेत नसेल, तर मुदतीचा उपयोग अर्धाच राहतो.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे की सर्व विमा कंपन्यांनी कोकणातील क्लेमसाठी संमतीपत्र मराठीत द्यावे आणि त्यावर विमामूल्य, वर्कशॉपचा अंदाज, प्रत्येक कपात कारणासह आणि सांगाड्याची धरलेली किंमत असे आकडे छापावेत. सर्व्हे अहवालाची प्रत न मागता सोबत जोडावी आणि सहीसाठी निदान सात दिवस द्यावेत. जिल्हा प्रशासन दरवर्षी मान्सूनपूर्व आढावा बैठक घेते, त्या बैठकीला विमा कंपन्यांच्या प्रतिनिधींना बोलावून हे त्यांच्याकडून लेखी घ्यावे, अशी मा. जिल्हाधिकाऱ्यांना आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती करतो.

आपला नम्र,
एक वाचक, पेठमाप, चिपळूण